त्रयस्थ पक्ष

आखाडाचं तळण त्या वर्षी गाडेकरांकडे रविवारी ठरलं, आणि वकिलाच्या कागदावर सह्या करायच्या त्याही रविवारीच. दोन्ही ठरवणारा कानिफनाथ. बहिणीला संगमनेरहून राहात्याला बोलवायला आखाडाइतकं बिनबोभाट निमित्त दुसरं नव्हतं. आषाढात लेकीनं माहेरी यायचं, आईजवळ बसून कापण्या तळायच्या आणि डबा भरून सासरी न्यायचा, हे राजनंदिनीनं लग्नानंतर कधी चुकवलं नव्हतं. नुसत्या कागदासाठी बोलावलं असतं तर ती आली असती की नाही, याची कानिफनाथला खात्री नव्हती.

ती आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर फाइल. खिडकीतून मागची शेड दिसत होती आणि शेडमध्ये खोक्यांत भरून ठेवलेल्या घरघंट्या. निम्म्या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांत आपली घरघंटी दळते असं वडील सांगायचे, तेव्हा ती बढाई होती. कानिफनाथनं ती खरी करून दाखवली होती.

"आधी चहा घे," तो म्हणाला.

"आधी कागद दे."

पहिला कागद दिल्लीहून आलेला. घरगुती यंत्रांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाचा. संगमनेरच्या योहान पारखे यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. गाडेकर इंडस्ट्रीजनं घरघंटीच्या दाराच्या स्विचबद्दल या कार्यालयाला जे सुरक्षा अहवाल दिले, त्यांच्या प्रती त्यांना हव्या आहेत. हे अहवाल आपण गोपनीय म्हणून दिलेले असल्यामुळे, ते उघड करण्यास त्रयस्थ पक्ष या नात्यानं आपली हरकत असल्यास मुदतीत कळवावी.

राजनंदिनीनं ते दोनदा वाचलं. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. वाक्य पटलं नाही की पुढं जायची नाही.

"बोटं पारख्यांच्या दीनाची गेली. अहवाल दिल्लीच्या कपाटात आहेत. गिरणी आपण बनवली. आणि आपण त्रयस्थ?"

"कायद्याची भाषा आहे ती. अर्जदार एक, कार्यालय दोन, राहिलो आपण."

दुसरा कागद फर्मचा वकील कल्याण याचा. आमची हरकत आहे. अहवालात आमची व्यापारी माहिती आहे. ती बाहेर गेल्यास प्रतिस्पर्धी कंपन्यांना फायदा आणि आमचं नुकसान होईल. खाली तीन नावं. वडील गेल्यावर त्यांचा हिस्सा आईनं हट्टानं लेकीच्या नावावर केला होता, म्हणून तिसरं नाव राजनंदिनीचं.

"तुझ्या एकट्याच्या सहीनं भागत नाही?"

"भागतं. पण योहान पारखे तुझा शेजारी. उद्या अपिलात तो म्हणाला की फर्मची एक भागीदार माझ्याच बाजूची आहे, तर? तुझी सही असली म्हणजे ते तोंड बंद."

"म्हणजे सही गाडेकरांची नकोय तुला. दीनाच्या शेजारणीची हवीय."

कानिफनाथ हसला नाही. चहाचा कप त्यानं तिच्याकडे सरकवला.

गोरक्ष, धाकटा, तेवढ्यात आत आला. विक्री त्याच्याकडे. टेम्पोत घरघंटी टाकून गावोगावच्या बाजारात उभं राहायचं आणि बायकांपुढं दळून दाखवायचं, हे तो कॉलेज सोडल्यापासून करत होता.

"काय ताई, वकिलाचं वाचून झालं का? मला तर पैलं वाक्य संपेस्तवर झोप आली. मी सही ठोकली बगा."

"न वाचता?"

"दादानं वाचलंय की. घरात एकानं वाचलं की पुरे. सगळ्यांनीच वाचाया लागल्यावर गिरन्या कोन विकनार?"

आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "नंदे, तिथंच बसनार हायेस व्हय? पीठ कोन मळनार?"

ती उठली, पण स्वयंपाकघरात न जाता दारातच उभी राहिली. विचारायचं होतं ते तिला दोघा भावांच्या तोंडावर विचारायचं होतं.

दीना पारखे तिच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मिशनच्या शाळेत शिक्षिका. घरघंटी घेऊ का म्हणून तिनं विचारलं तेव्हा राजनंदिनी म्हणाली होती, "आमचीच घे, डोळे झाकून." गेल्या उन्हाळ्यात दीना ज्वारी दळत होती, लाइट गेली, तिनं दार उघडून जाळी काढायला आत हात घातला, आणि लाइट आली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. दवाखान्यात तिच्याबरोबर राजनंदिनीच होती.

त्यानंतर राजनंदिनीनं घरी येऊन आपली घरघंटी तपासली. दार उघडं ठेवलं, मेन स्विच पाडला, परत वर केला. गिरणी गप्प. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. दार लावलं तरी, बटण बंद करून परत दाबल्याशिवाय ती सुरूच होत नव्हती. दोन गिरण्या, एकच कारखाना, एकच मॉडेल. मग दीनाचीच कशी सुरू झाली? याचं उत्तर तिला एकच सुचलं आणि ते ती दीनाला बोलूनही बसली होती: "घाईत कोपर दाराच्या स्विचला लागलं असेल आणि तुझाच हात बटणावर पडला असेल गं." पुढं दीनाचं येणंजाणं कमी झालं, आणि तिच्या नवऱ्यानं, योहाननं, अर्ज केला.

"दादा, त्या अहवालांत आहे काय?"

"तेच तर गोपनीय आहे."

"भागीदारालाही?"

"भागीदाराला नाही, शेजारणीला. आज तुला सांगितलं की ते सांजच्याला संगमनेरात."

"एवढं तरी सांग. दीनाच्या आधी कुणाला लागलं होतं?"

कानिफनाथनं फाइल मिटली. "मी दिल्लीपासून काही लपवलेलं नाही. परवान्यात अट आहे, कुणाला इजा झाल्याचं कळलं की कळवायचं. मी प्रत्येक वेळी कळवलं. खरं ते कळवलं. का कळवलं माहितीय? ते कपाटात राहील असं लिहून दिलंय म्हणून. उद्या हे सगळं बाहेर येणार असं ठरलं, तर कुठला कारखानदार खरं लिहील? सगळे लिहितील, ग्राहकाचा निष्काळजीपणा. मग त्या कार्यालयाला कळणार काय आणि ते सुधारणार काय?"

तिला ते एकदम खोडता आलं नाही. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. गुप्ततेच्या भरवशावर माणूस खरं बोलतो, हे तिनं परीक्षा विभागातही पाहिलं होतं.

"मग कार्यालयानं काय सुधारलं?"

"विचाराधीन आहे म्हणाले."

"आणि तोवर गिरण्या घरोघरी चालू."

"ताई," गोरक्ष मध्ये पडला, "त्या मोठ्या कंपन्यांची मान्सं टपून बसल्यात. आपला हा कागद त्येंच्या हाती लागू दे, लॅमिनेशन करून दर बाजारात टांगत्याल. बगा, गाडेकरांची गिरनी बोटं खाती! चार जिल्ह्यांत माझं तोंड बंद व्हईल. शेडमदली पोरं घरी बसत्याल."

"पीठ!" आतून पुन्हा हाक आली. या वेळी ती गेली.

मनकर्णाबाई पाटावर बसून गुळाचं पाणी गाळत होत्या. कानिफनाथची बायको रेश्मा घरघंटीपाशी होती. गव्हाचं जाडसर पीठ नुकतं पडून संपलं होतं, आता भज्यांसाठी हरभऱ्याची डाळ दळायची होती. कढईत तेल तापत ठेवलेलं.

"वन्सं, त्येंचं काय चाललंय ते चालू द्या," रेश्मा हळूच म्हणाली. "तुमी गुमान सही करा आन मोकळ्या व्हा. गेले दोन आठवडे हे रातचं नीट झोपत न्हाईत."

राजनंदिनी पिठात गुळाचं पाणी घालायला बसली. तेवढ्यात लाइट गेली. रिकामी फिरणारी गिरणी थांबली, पंखाही मंदावत थांबला.

"गेली बया," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रविवारी सुदीक."

रेश्मानं वेळ घालवला नाही. गुडघ्यावर बसून घरघंटीचं दार उघडलं, आतला नॉब फिरवून झाकण काढलं आणि जाळी सोडवायला मनगटापर्यंत हात आत घातला. लाइट गेल्यावर बटण बंद करायचं तिच्या मनातही आलं नाही. राजनंदिनीनं हे असंच शंभरदा केलं असेल, सगळ्याच बायका करतात. लाइट नसण्याचा वेळ फुकट कशाला घालवायचा? नेमक्या त्या वेळात जाळी बदलून होते.

डोक्यावरचा पंखा फिरला. फ्रिज घरघरला.

"हात काढ! वहिनी, हात!"

राजनंदिनी पिठाच्या हातानं तिच्यावर झेपावली. रेश्मा दचकून मागं बसली, आणि मग नणंदेचं पांढरं पडलेलं तोंड बघून हसायला लागली.

"अवं वन्सं, आपली न्हाई चालू हुत! आपल्यात त्यो डबीवानी पार्ट बसवलाय न्हवं. लाइट आली तरी बटन परत दाबल्याबिगर फिरत न्हाई."

"कसला पार्ट?"

"मागं बसवला की ह्येंनी. घरच्या समद्या गिरन्यांत. माझ्या माहेरची, मावशीची, गोरक्षभाऊंच्या सासरवाडीची. तुमच्याकडं पन फिटर आल्ता की, सर्व्हिसिंगला."

राजनंदिनीला फिटर आठवला. दादांनी पाठवलंय म्हणाला, मागचं पॅनल उघडलं, चहा पिऊन गेला. तिनं त्याला शेजारच्या गिरणीचंही सर्व्हिसिंग करतोस का विचारलं होतं. तो म्हणाला होता, मला एवढीच सांगितलीय. दीनाला लागलं ते त्यानंतर.

ती तशीच, कोपरापर्यंत पीठ घेऊन, टेबलाशी आली.

"दादा, माझ्या गिरणीत काय बसवलंस?"

कानिफनाथनं रेश्माच्या दिशेनं एकदा पाहिलं. रेश्मा दारात येऊन उभी राहिली होती. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळत होतं.

"रिले," तो म्हणाला. "लाइट जाऊन आली तर मोटर आपोआप सुरू होऊ नये म्हणून."

"मूळ दाराच्या स्विचनं ते व्हायला पाहिजे. दार उघडं असलं की करंट तुटतो."

"तुटतो. पण पीठ जाऊन बसलं की स्विच दबलेलाच राहतो. दार उघडलं तरी गिरणीला वाटतं, दार लागलेलंच आहे. आम्ही शोधून काढलं ते, मग रिले केला. तेव्हापासून शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या गिरणीत तो आहे. हेही मी दिल्लीला कळवलंय."

"आणि आधी विकलेल्या?"

त्यानं फाइल जवळ ओढली.

"आधी विकलेल्यांपैकी फक्त आपल्या बदलल्यास."

"घरच्या माणसांची काळजी घेतली हा गुन्हा आहे का?" आता त्याचा आवाज चढला. "सगळ्या परत बोलवायच्या म्हणजे पेपरात जाहिरात द्यायची. डीलर दुसऱ्या दिवशी माल परत पाठवणार. वडलांनी उभं केलेलं सगळं एका हंगामात झोपवू? मी वाट बघत होतो. वरून आदेश आला असता तर सगळ्याच कंपन्यांना आला असता. एकट्याला कुणी बोट दाखवलं नसतं."

गोरक्ष एवढा वेळ मोबाइलशी चाळा करत होता. तो थांबला होता.

"माज्या मेव्हन्याची बदलली?"

"बदलली."

"आन माझ्या दोस्ताची, पुनतांब्याच्या श्रीमंतची?"

"तो कुठं नातेवाईक आहे?"

"नातेवाईक न्हाई?" गोरक्ष खुर्चीतून उठला. "दादा, मी त्याच्यात जेवतो. त्याच्या आईपुडं गिरनी मांडून मीच दावलंय, म्हातारे, लाइट गेली की बसून ऱ्हाऊ नको, तेवड्यात जाळी बदलून घे. दर बाजारात मी ह्येच सांगतो! बाया हसत्यात, मान डोलावत्यात आन गिरनी घेत्यात. तू मला एका शब्दानं बोलला न्हाईस?"

"तू टेम्पोच्या माइकवर बोलून टाकलं असतंस."

"टाकलंच असतं!"

"म्हणून."

मनकर्णाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी पदराला हात पुसले.

"कानिफ, त्या पारख्याच्या बायकूची गिरनी कोनी दिली?"

"डीलरकडून घेतली तिनं."

"तसं न्हवं. कोनाच्या सांगन्यावरनं घेतली?"

"माझ्या," राजनंदिनी म्हणाली.

"मग ती नात्यातली न्हाई कशी?" एवढंच विचारून त्या लेकाकडं बघत राहिल्या. उत्तराची त्यांना घाई नव्हती.

राजनंदिनीनं नळाखाली हात धुतले आणि फोन उचलला.

"नंदा, विचार कर," कानिफनाथ म्हणाला. "भागीदारानं तोंडी मान्य केलं की ते फर्मनं मान्य केल्यासारखं होतं. कल्याणला विचार हवं तर."

"अहवाल कपाटात ठेवायचा नियम कार्यालयाला आहे, दादा. मी माझ्या गिरणीबद्दल बोलतेय. ती कुठल्या कपाटात नाही."

दीनानं फोन पटकन घेतला नाही. घेतला तेव्हा मागं चर्चमधून परतलेल्या माणसांचा गलका ऐकू येत होता. राजनंदिनीनं स्पीकर लावला. लपवाछपवीचा तिला अचानक कंटाळा आला होता.

"दीना, तू बटण दाबलं नव्हतंस. तू सांगत होतीस ते बरोबर होतं."

पलीकडचा गलका दूर गेला. दीना बाजूला सरकली असावी.

"हे आज कसं कळलं, ताई?"

"माझ्या गिरणीत एक पार्ट जास्तीचा आहे. तुझ्यात नाही. म्हणून माझी सुरू होत नाही."

"कधीपासून आहे?"

राजनंदिनीनं कानिफनाथकडं पाहिलं.

"तुला लागलं त्याच्या आधीपासून. मला माहीत नव्हतं. आमच्या घरात माहीत होतं."

दीना बोलली तेव्हा तिचा आवाज शाळेतल्यासारखा, सरळ होता. "योहानचं म्हणणं होतं, पैशासाठी भांडू. मीच म्हटलं, आधी एवढंच विचार की त्यांना ठाऊक होतं का. मला रात्रंदिवस वाटायचं, खरंच माझाच हात पडला असेल. डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकतेय ना मी, प्रत्येक अक्षराला तेच मनात यायचं." ती थांबली. "तुमच्या ओळखीतल्यांचं झालं, ताई. बाकीच्या बायांना कोण फोन करणार?"

"ते विचारते आणि सांगते," राजनंदिनी म्हणाली. फोन बंद झाला.

गोरक्षनं फाइल उघडून वकिलाचा कागद बाहेर काढला, आपली सही शोधली आणि तिच्यावर पेनानं आडवी रेघ मारली. "मी न वाचता केल्ती," तो म्हणाला. "आता वाचून खोडली."

"खोडून काय होतं?" कानिफनाथ म्हणाला. "माझी एक पुरते, सांगितलं ना मघाशी."

पण पेन त्यानं उचललं नाही. तो खिडकीतून शेडकडं बघत बसला. राजनंदिनी त्याच्या समोर बसली. भावाचा राग यायला हवा होता तितका तिला येत नव्हता; त्याच्या डोक्यात आता काय चाललं असेल, याचंच कुतूहल तिला राहून राहून वाटत होतं. लहानपणी गणित अडलं की तो असाच खिडकीबाहेर बघायचा आणि मग एकदम वहीकडे वळायचा.

त्यानं वकिलाला फोन लावला.

"कल्याण, त्या नोटिशीचं. हरकत नाही असं कळवायचं ठरलं तर?"

"चेष्टा करताय का शेठ?"

"विचारतोय."

"तसा मसुदाच नाही आपल्याकडं," वकील म्हणाला. "हरकतीचे चार प्रकारचे आहेत. हरकत नाही असं आजवर कुठल्याच पार्टीनं कळवलं नाही. मला बघावं लागेल. आणि कारण काय दाखवू? हरकतीला कारण लागतं. हरकत नसण्याला लागतं का, तेही बघावं लागेल."

"बघ. त्या बायांची नावं, पत्ते मात्र झाकायला सांग. बाकीचं उघडं."

"शेठ, बँकेला काय सांगाल? डीलरांना? एकदा दिलं की मागं घेता येत नाही."

"तेही बघू." त्यानं फोन ठेवला. "शेड राहील का नाही, मी सांगू शकत नाही," तो आईकडं न बघता म्हणाला. "उद्यापास्नं टेम्पोत रिले टाकून गोरक्षला पाठवतो. पण लोकांनी दारात उभं केलं नाही तर मला बोलू नका."

"पैलं श्रीमंतच्यात जातो," गोरक्ष म्हणाला. "त्यो शिव्या देईल. दिऊ दे."

राजनंदिनीनं खुर्ची पुढं ओढली. "दादा, आता तरी सांग. त्यात काय आहे?"

"दिल्लीहून प्रत येईल ती वाच."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्याला कागद लागला नाही. डोळे मिटून त्यानं सुरुवात केली. पहिली बाई राहुरीकडची. बाजरी दळत होती. नवरा उसाच्या टोळीबरोबर बाहेर गेलेला. लाइट गेली म्हणून तिनं दार उघडलं. तिच्या कडेवर लेकरू होतं, ते तिनं खाली ठेवलं होतं की नाही, हे विचारायला तो स्वतः तिच्या घरी गेला होता. ठेवलं होतं. तिनं त्याला चहा करून दिला, डाव्या हातानं.

स्वयंपाकघरात तेलाचा धूर व्हायला लागला. रेश्मानं आत जाऊन गॅस बंद केला, आणि परत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. कानिफनाथ दुसऱ्या बाईचं सांगू लागला होता.